नवीन घर, नवीन दार आणि फटीतून येणारा वारा

नवीन घराच्या मेन दारातून वारा येतो असं कुणाला सांगितलं की समोरचा आधी आपल्याकडेच संशयाने बघतो. नवीन घर ना? मग? जुन्या घरात फटी असणार हे सगळे धरूनच चालतात, नवीन घरात मात्र असं काही असूच शकत नाही असा का कोण जाणे पक्का समज असतो. खरं तर नवीन घरात दार गळायला जास्तच कारणं असतात. आणि बाजारातून रबराची पट्टी आणून चिकटवायची घाई केली तर निम्म्या वेळा पट्टी एकीकडे आणि वारा दुसरीकडून, असा प्रकार होतो. आमच्या दाराच्या निमित्ताने हे सगळं इतकं खोलात बघावं लागलं की म्हटलं लिहूनच टाकू.

आमचं लक्षण साधं होतं. दाराजवळच्या खुर्चीत बसलं की घोट्यांना गार लागायचं, आणि किचनची चिमणी फुल स्पीडवर लावली की दार चक्क शिट्टी वाजवायचं. नवऱ्याने जुनी चादर गुंडाळून खाली ढकलली, शिट्टीचा सूर बदलला फक्त, बंद नाही झाली. बिल्डरच्या सुपरवायझरला फोन केला तर "मॅडम, नवीन दार आहे, सेट व्हायला थोडा वेळ लागतो." हे वाक्य अर्धं खरं आहे म्हणूनच जास्त डोकं फिरवतं.

अर्धं खरं असं की नवीन घर खरंच हलत असतं. काँक्रीट, प्लास्टर, पुट्टी, रंग या सगळ्यातलं पाणी कितीतरी महिने वाळत असतं, तोपर्यंत घरातली हवा दमट, मग हळूहळू कोरडी होत जाते, आणि लाकूड बिचारं त्या हवेबरोबर फुगतं-आकसतं. लांबीला ते जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. अखंड लाकडाच्या 900 मिलिमीटर रुंद पल्ल्यातला ओलावा चार टक्क्यांनी कमी झाला तर लाकडाची जात आणि काप बघून तो काही मिलिमीटर ते जवळपास सेंटिमीटरभर आकसू शकतो, म्हणून तर लाकडी दारं सहसा पॅनल सुटे बसवून करतात, म्हणजे पॅनल आतल्या आत हलतं आणि बाहेरचं माप फारसं बिघडत नाही. प्लायची फ्लश दारं त्यामानाने खूपच कमी हलतात. पण यातून दार "सेट" होऊन फट बुजेल असा अर्थ काढायचा तर कशाच्या जोरावर? वाळणारं लाकूड आकसतं, फट वाढते. सेट होईल ती फटच.

आणि फट म्हणजे किती, हा हिशोब मी एकदा कागदावर केला आणि मग शांत बसवेना. 2.1 मीटर उंच आणि 0.9 मीटर रुंद दाराचा घेर होतो 6 मीटर. चारही बाजूंना फक्त 3 मिलिमीटरची फट धरली, जी डोळ्याला अगदी व्यवस्थित वाटते, तरी एकूण मोकळी जागा 180 चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे साधारण साडेतेरा सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद भोक. भिंतीत एवढं भोक दिसलं असतं तर त्याच दिवशी गवंडी बोलावला असता, पण तेच भोक पसरून दाराभोवती लावलं की कुणाला काही वाटत नाही.

त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 18 किलोमीटरच्या वाऱ्याने साधारण 15 पास्कल, आणि वेग दुप्पट होऊन 36 झाला की दाब चौपट, 60 पास्कल. म्हणून एरवी शांत असलेलं दार वादळी दिवशी एकदम वेगळंच वागतं. बाहेर पान हलत नसतानाही वारा येत असेल तर मात्र घराच्या आतच कुणीतरी ओढतंय असं समजायचं. चिमणी, बाथरूमचा एक्झॉस्ट, कपडे वाळवायचं मशीन, हे सगळे ताशी शेकडो घनमीटर हवा बाहेर फेकू शकतात, ती हवा कुठून तरी परत येणारच, आणि खिडक्या नवीन, घट्ट, रबरवाल्या असतील तर उरतं काय, मेन दार. थंडीत आणखी एक भर: घरातली गरम हवा हलकी म्हणून वर जाऊन वरच्या फटींतून निसटते आणि तिच्या जागी खालून गार हवा आत ओढली जाते. दुमजली घरात किंवा जिना-लिफ्ट असलेल्या उंच इमारतीत हे जास्त जाणवतं. त्यामुळे "वारा कुठून येतो" इतकाच प्रश्न पुरत नाही, "वाऱ्याला कोण बोलावतंय" हेही बघायला लागतं.

आता शोध कसा घ्यायचा. मी तीन गोष्टी केल्या आणि तिन्ही फुकट आहेत. रात्री घरातले दिवे बंद करून एकाने बाहेरून दाराच्या कडेकडेने टॉर्च फिरवायचा आणि दुसऱ्याने आतून बघायचं. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि कागद ओढून बघायचा, अडून आला तर रबर दाबलं जातंय, सुळकन आला तर नाही, आणि हे एकाच जागी नाही, वीतभर अंतराने सगळीकडून करायचं. तिसरं म्हणजे सगळ्या खिडक्या बंद, चिमणी आणि एक्झॉस्ट दोन्ही चालू, आणि पेटती अगरबत्ती घेऊन दारापासून दोन बोटं लांब हळूहळू फिरायचं. धूर सरळ वर जात असेल तर ठीक, आडवा झाला तर तिथे पेन्सिलीने खूण. पडदे आणि सॅनिटायझरची बाटली मात्र लांब ठेवा.

आमच्याकडे टॉर्चने दाखवलं की लॅचच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून उजेडाचा एक छोटा त्रिकोण येतोय. कागदाने सांगितलं की बिजागरीची बाजू झकास आहे पण लॅचच्या बाजूला वरच्या अर्ध्या भागात रबर नुसतं शोभेला आहे. आणि अगरबत्तीने जे दाखवलं ते मला अपेक्षितच नव्हतं. धूर सगळ्यात जोरात हलला तो दाराजवळ नाहीच, चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा झाकायला जी मोल्डिंग पट्टी ठोकलेली असते ना, तिच्या भिंतीकडच्या कडेला! म्हणजे दार कितीही घट्ट केलं असतं तरी हा वारा येतच राहिला असता.

हे काही फक्त आमच्याच नशिबात नाहीये. घराची गळती मोजायला ब्लोअर डोअर नावाचं यंत्र वापरतात, मेन दाराच्या जागी मोठा पंखा बसवून घराच्या आत-बाहेरच्या दाबात 50 पास्कलचा फरक तयार करायचा आणि किती हवा जाते ते मोजायचं. 1977 च्या सुमारास स्वीडनमध्ये हे आधी खिडकीत पंखा बसवून करत होते, मग अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लोकांनी तो दारात आणला, आणि तेव्हाच लक्षात आलं की गळतीचा मोठा वाटा दिसणाऱ्या दार-खिडक्यांच्या फटींचा नसून भिंतींच्या आणि छताच्या आत लपलेल्या वाटांचा असतो. आजही पॅसिव्ह हाऊस म्हणून जी अतिघट्ट घरं बांधतात त्यांची अट याच मापात सांगतात, 50 पास्कलला तासाला घरातली हवा 0.6 पटीपेक्षा जास्त बदलता कामा नये. आपल्याला तेवढं घट्ट काही करायचं नाहीये, पण लपलेल्या वाटेचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तर चौकटीमागची भानगड. चौकट बसवायला भिंतीतली जागा मुद्दाम थोडी मोठी ठेवतात, बाजूला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, म्हणजे पाचरी मारून चौकट ओळंब्यात आणता येते. नंतर ती पोकळी पूर्ण भरायची असते. घाईत काय होतं, जिथे पाचर आहे तिथे थोडा माल नाहीतर फोमचा एक फुगा, बाकी पोकळी रिकामी, वरून मोल्डिंग पट्टी, वरून रंग, काम फत्ते. वरून बघणाऱ्याला काय कळणार. सुतारदादांनी पटाशीने पट्टी हलकेच उचकटली तेव्हा आत पाचर, सिमेंटच्या गोणीचा कागद आणि एका जागी आरपार बाहेरचा उजेड. दादा म्हणाले, "ताई, पट्टी काढली म्हणून दिसलं, नाहीतर दहा वर्षं रबर बदलत बसला असतात."

इथे पीयू फोम (डब्यातून फवारला की फुगून घट्ट होणारा पॉलियुरेथेनचा फेस) भरायचा, पण कमी फुगणारा, दार-खिडकीसाठी म्हणून वेगळा मिळतो तो. जास्त फुगणारा भरला तर तो चौकटीच्या बाजू आत ढकलतो, चौकट पोटात येते आणि दुसऱ्या दिवशी दार लागतच नाही. भरताना दार बंद ठेवून पल्ला आणि चौकट यांच्यात ठिकठिकाणी पुठ्ठ्याचे तुकडे घालून ठेवायचे. आधी पोकळीत पाण्याचा हलका फवारा मारायचा कारण हा फोम ओलाव्यानेच घट्ट होतो. आणि पोकळी गच्च भरायची नाही, निम्मी भरली की बाकीची तो स्वतः भरतो. सुकल्यावर बाहेर आलेला भाग कटरने कापायचा आणि झाकून टाकायचा, उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुगा होतो. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा बारीक फटीत फोमचं नळकांडंच नीट जात नाही, तिथे सीलंट बरं, आणि वरून रंग द्यायचा असेल तर अॅक्रिलिकचं घ्या, साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. हे सगळं बिल्डरने करून द्यायचं काम आहे, आणि आम्ही ते त्यांच्याकडूनच करून घेतलं, पण समोर उभं राहून. फोम भरून झाल्यावर पट्टी ठोकायच्या आधी फोटो काढून ठेवा. भांडायला उपयोगी पडतो.

लॅचची बाजू ढिली का होती याचं उत्तर रबरात नव्हतंच. दार बंद करून आतून तळहाताने दाबलं तर ते खटक करून हलायचं, म्हणजे लॅच आणि चौकटीतली स्ट्रायकर प्लेट (जिच्या भोकात लॅच अडकतं ती पत्र्याची पट्टी) यांच्यात मोकळीक. दार तेवढं सैल बसलं की पुढचं रबर कितीही महाग असो, त्याला दाबच मिळत नाही, आणि दाबाशिवाय रबर म्हणजे नुसती सजावट. बऱ्याच स्ट्रायकर प्लेटच्या भोकात एक छोटी जीभ असते, स्क्रू ड्रायव्हरने ती लॅचकडे जराशी वाकवली की झालं, लॅच दार ओढून धरतं. जीभ नसेल तर प्लेट काढून चौकटीतल्या रबराच्या दिशेने एक-दोन मिलिमीटर सरकवायची, जुनी भोकं लाकडाच्या काडीला गोंद लावून बुजवायची नाहीतर स्क्रू परत जुन्याच भोकात घसरतो. काही दारांना वर-खाली-मधे असे बरेच पॉइंट असलेलं लॉक असतं, हँडल वर उचललं की सगळे एकदम बसतात. ते हँडल न उचलता नुसतं दार ढकलून देणारे लोक मी बघितलेत, आणि मग म्हणतात वारा येतो. त्या लॉकमधले गोल खुंटे बहुतेक वेळा ॲलन कीने फिरवून दाब कमी-जास्त करता येतो.

पण त्याच्याही आधी बिजागऱ्या. नवीन दार जड असतं, सगळं ओझं वरच्या बिजागरीला लोंबकळतं, आणि तिचे स्क्रू बोटभर लांबीचेही नसतात. ते जरा सैल झाले की दार लॅचच्या बाजूला खाली झुकतं, वर फट रुंद, खाली घासतं. पल्ला अर्धा उघडून हँडल धरून वर उचलून बघा, हललं तर बिजागरी ढिली. वरच्या बिजागरीतला एक स्क्रू काढून तिथे चौकट ओलांडून मागच्या भक्कम लाकडात किंवा भिंतीत पोहोचेल असा लांब स्क्रू टाकला की दार उचलून जागेवर येतं. क्रम एवढाच की बिजागरी, मग लॅच, आणि रबर सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर रबराच्या जाडीप्रमाणे दार ॲडजस्ट करत बसावं लागतं आणि ते कधी संपत नाही.

रबराबद्दल. स्पंजची जी स्वस्त पांढरी-काळी पट्टी मिळते ती काही महिन्यांत चपटी होते, बाहेरच्या दाराला ती नको. ईपीडीएम रबर घ्या, ऊन, पाणी, थंडी सगळं सोसतं, फक्त तेल-पेट्रोलशी त्याचं जमत नाही म्हणून बिजागरीला तेल घालताना त्यावर सांडू नका. आकार बघून घ्यायचं, म्हणजे पट्टी कापल्यावर तिचा छेद कुठल्या इंग्रजी अक्षरासारखा दिसतो ते: ई आकाराची साधारण 3 मिलिमीटरपर्यंतच्या फटीला, पी त्याहून थोडी मोठी 5 पर्यंत, डी आणखी मोठी. फट किती आहे ते प्लास्टिसिनचा (मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा) गोळा पॉलिथिनमध्ये गुंडाळून दारात दाबून मोजता येतं, उघडल्यावर जी जाडी उरली तीच फट. चौकट स्पिरिटने पुसून कोरडी करायची, कडाक्याच्या थंडीत चिकटवायचं नाही, आणि पट्टी ताणून लावायची नाही कारण ती नंतर आकसते आणि कोपरे उघडे पडतात, जिथे वारा सगळ्यात आधी जातो. बिजागरीच्या बाजूला जाड पट्टी लावली तर ती पाचरीसारखी काम करते, दार परत उघडायला बघतं आणि बिजागरीचे स्क्रू उपटते, म्हणून तिथे बारीकच.

खालची बाजू मी मुद्दाम शेवटी ठेवलीये कारण लोक सुरुवात तिथूनच करतात. उंबरठा असेल तर काम सोपं, काही नवीन उंबरठ्यांना स्क्रू असतात, ते फिरवले की वरची पट्टी वर-खाली होते, कागद जरा अडून निघेल इतकी वर घ्यायची, जास्त नाही, नाहीतर रबर घासून घासून फाटतं. उंबरठाच नसेल, सपाट फरशी असेल, तर दाराला खाली ब्रशची पट्टी किंवा रबराची. ब्रश खडबडीत फरशीवर चांगला चालतो पण हवा पूर्ण अडवत नाही, रबर अडवतं पण गालिच्यावर अडकतं. यावर मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे आपोआप उतरणारा सील, दाराच्या खालच्या कडेत बसतो, बिजागरीच्या बाजूला एक छोटं बटण असतं, दार लागताना ते चौकटीवर दाबलं जातं आणि आतली रबरपट्टी खाली उतरते, दार उघडलं की परत वर. फरशीला घासतच नाही. व्हीलचेअर असलेल्या घरात तर हेच लावावं.

आमचा तो उजेडाचा त्रिकोण मात्र यातल्या कशानेच गेला नसता. उभं रबर जिथे संपतं आणि खालची पट्टी जिथे सुरू होते त्या कोपऱ्यात बोटाच्या पेरापेक्षाही छोटी मोकळी जागा राहते. त्यासाठी पाचरीच्या आकाराचे छोटे फोमचे तुकडे मिळतात, मागे गोंद असतो, उभ्या रबराच्या मागे सरकवून बसवायचे. एवढीशी वस्तू, पण दार बसवणारे ती नेमकी विसरतात, पिशवीत तशीच राहते. आमच्या दाराबरोबर आलेल्या पाकिटात दोन्ही तुकडे होते, किल्ल्यांच्या जुड्याखाली.

फोन दाराखाली सरकवून पल्ल्याच्या खालच्या कडेचा फोटोही काढा. वरच्या कडेवर बोट फिरवा. खरखरीत, कोरं लाकूड लागलं तर तिथे रंग किंवा पॉलिश दिलेलंच नाही. दिसत नाही म्हणून देत नाहीत. पण तिथे उभ्या फळ्यांच्या लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि ती सपाट पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटीने ओलावा ओढतात, मग दार फुगतं, पिळतं. पिळलंय का ते बघायला दाराच्या चार कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरप्या ताणा, मधे एकमेकींना जेमतेम टेकल्या तर सरळ, फट राहिली किंवा एकीने दुसरीला दाबलं तर पीळ. एक-दोन मिलिमीटर रबर झाकून घेतं, त्याहून जास्त असेल तर कुठलीही पट्टी लावू नका, दार बदलूनच मागा, आणि तक्रारीत "वारा येतो" असं लिहू नका, फटीत मोजपट्टी धरून काढलेला फोटो आणि मिलिमीटर लिहा, त्याला "सेट होईल" असं उत्तर देणं जड जातं. फ्लॅटचं दार आगरोधक असेल तर त्याला रंधा मारणं, भोकं पाडणं, रबर बदलणं यातलं काहीच स्वतः करायचं नाही, त्याच्या कडेला आगीच्या उष्णतेने फुगणारी पट्टी असते आणि ती हलवली की दाराचा उपयोगच गेला.

अजून एक, आणि हे सीरियसली घ्या. घरात गॅस गीझर, शेकोटी किंवा ज्वलनासाठी खोलीतलीच हवा घेणारं काहीही असेल तर सगळं बंद करायच्या आधी त्याला हवा कुठून मिळणार ते ठरवा. आतापर्यंत ती तुमच्या गळक्या दारातून मिळत असेल. हवा कमी पडली, किंवा किचनच्या चिमणीने उलटी ओढली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो, त्याला वास नाही रंग नाही. वेगळा व्हेंट आणि एक अलार्म हवाच.

रंगारी परत टचअपला येणार असेल तर रबर आधी काढून ठेवा, बऱ्याच चौकटींत ते खाचेत नुसतं दाबून बसवलेलं असतं, ओढलं की निघतं. रंग लागलेलं रबर कडक होतं आणि दाराला चिकटतं, मग पहिल्याच झटक्याला फाटतं.